मूठ आणि विळा : मन काय धरते आणि का धरते?



छत्रपती संभाजीनगर म्हणजे आपले जुने औरंगाबाद. तेथील मध्यवर्ती बसस्थानकावर आपण कधी ना कधी उभे राहिला असाल. गाड्यांची घरघर, फेरीवाल्यांचे पुकारे, लहान मुलांचे रडणे आणि त्यातच कंडक्टरचा आवाज : पैठण, पैठण! जालना! सिल्लोड, सिल्लोड! ज्याला सिल्लोडला जावयाचे आहे त्याला एवढ्या गलक्यातही 'सिल्लोड' हा शब्द स्पष्ट ऐकू येतो आणि तो पिशवी उचलून धावतो. त्याच्याच शेजारी बसलेल्या, पैठणला जाणाऱ्या माणसाला विचारा, 'सिल्लोडची गाडी लागली काय?' तो म्हणेल, 'लक्ष नव्हते बुवा.' कान दोघांनाही सारखेच आहेत. आवाजही दोघांच्या कानांवर सारखाच पडला. मग एकाने तो ऐकला आणि दुसऱ्याने ऐकला नाही, असे का झाले?

या साध्या प्रश्नात आजचा धडा आहे. माणसाचे मन जगातील सगळेच घेत नाही. ते वेचून घेते. वेचताना ते मुख्यतः दोन गोष्टी पाहते. हे माझे आहे काय? आणि यातून मला काही मिळणार आहे काय? जे माझे, ते लवकर दिसते, लवकर ऐकू येते आणि अधिक काळ लक्षात राहते. ज्यातून काही मिळते, ते मन पुन्हा पुन्हा करू पाहते. आपल्या मुलांचा अभ्यास, घरात अद्याप रेंगाळणाऱ्या जुन्या रूढी आणि आपली धम्मसाधना, या तिन्हींचा या गोष्टीशी निकटचा संबंध आहे. म्हणून ती नीट समजून घेऊ.

१. 'माझे' म्हटले की मन जागे होते

१९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. माणसाच्या दोन्ही कानांत दोन निरनिराळे आवाज सोडावयाचे आणि एकाच कानातील मजकूर मोठ्याने म्हणत राहावयाचे, असा तो प्रयोग होता. दुसऱ्या कानात काही शब्द पस्तीस वेळा सांगितले, तरी ते लोकांच्या ध्यानात राहिले नाहीत. परंतु त्याच कानात त्या माणसाचे स्वतःचे नाव उच्चारले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आले. ज्या कानाचे दार मनाने बंद केले होते, ते स्वतःच्या नावाने उघडले.

नावाची ही ओढ फार लवकर सुरू होते. अमेरिकेतील संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, साडेचार महिन्यांचे मूलसुद्धा इतर नावांपेक्षा स्वतःचे नाव अधिक वेळ ऐकत राहते. 'आई' हा शब्द म्हणता येत नाही, बसता येत नाही, पण आपल्या नावाचा नाद त्याला ओळखता येतो.

आता आपल्या समाजाकडे पाहू. आपल्या आजे-पणजोबांची नावे आठवा. कचरू, दगडू, धोंडू, भिकू. मूल जगावे म्हणून वाईट नाव ठेवण्याची अंधश्रद्धा त्यात होती, आणि चांगल्या नावाने यांना कोण हाक मारणार, हा गावगाड्याचा तिरस्कारही त्यात होता. ज्या शब्दाकडे मूल सर्वांत आधी मान वळवते, तोच शब्द कचरा किंवा दगड असावा, यापेक्षा क्रूर शिक्षण कोणते? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. त्यानंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा ही नावे आली. ही केवळ हौस नव्हती. मुलाच्या कानावर दिवसातून शंभर वेळा काय पडावे, याचा तो निर्णय होता.

याच नगरीत विद्यापीठाच्या नावासाठी केवढा लढा झाला, हे आपणांस ठाऊक आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे मारली गेली. 'नावात काय आहे?' असे तेव्हा पुष्कळांनी हिणवून विचारले. उत्तर सोपे आहे. प्रवेशद्वारावरचे नाव वाचून खेड्यातून आलेल्या मुलाच्या मनात 'हे माझेही आहे' असा शब्द उमटतो, आणि जे माझे आहे तेथे मन झोपून राहत नाही.

शिकण्यातही हेच घडते. १९७७ मध्ये रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना स्वभाव सांगणारे शब्द दाखविले. काही शब्दांबाबत विचारले, याची अक्षरे मोठी आहेत काय? काहींबाबत विचारले, याचा अर्थ अमुक शब्दासारखा आहे काय? आणि काहींबाबत विचारले, हा शब्द तुम्हाला लागू पडतो काय? नंतर न सांगता परीक्षा घेतली. स्वतःशी ताडून पाहिलेले शब्द सर्वांत अधिक आठवले. म्हणजे घोकलेले विसरते, स्वतःशी जोडलेले टिकते.

२. बक्षिसाने मन कसे घडते?

दुसरी गोष्ट म्हणजे लाभ किंवा बक्षीस. येथे बक्षीस म्हणजे केवळ पैसा नव्हे. खाऊ, शाबासकी, आईचे हसू, गुरुजींनी पाठीवर ठेवलेला हात, हीही बक्षिसेच होत.

लाभाची आस आपली नजरसुद्धा बदलते. १९४७ मध्ये ब्रूनर व गुडमन यांनी दहा वर्षांच्या मुलांना नाणी दाखवून त्यांचा आकार जुळविण्यास सांगितले. तेवढ्याच आकाराच्या पुठ्ठ्याच्या चकत्या मुलांनी बरोबर जुळविल्या, पण नाणी मात्र त्यांना खऱ्यापेक्षा मोठी वाटली, आणि श्रीमंत मुलांपेक्षा गरीब मुलांना ती अधिक मोठी वाटली. पुढे काही संशोधकांना एवढा मोठा फरक आढळला नाही. तथापि ज्याच्या घरी दमडी मोजून खर्च होते, त्याला या प्रयोगाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

मेंदूत काय घडते, तेही आता बरेच कळले आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले आणि १९९७ मध्ये त्यांचा अर्थ उलगडून दाखविला. फळाचा रस तोंडात पडला की मेंदूतील काही पेशी उत्तेजित होत. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य सोडतात. रसापूर्वी नेहमी एक खूण दाखविली, तर काही दिवसांनी त्या पेशी रसाने नव्हे, तर त्या खुणेनेच जाग्या होऊ लागल्या. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर त्यांचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. आपल्या घरचेच उदाहरण घ्या. आठवडी बाजारातून वडील येतात आणि मुलाला भेळ मिळते. आधी मूल भेळ पाहून नाचते. पुढे सायकलची घंटा ऐकूनच नाचू लागते. आणि एखाद्या दिवशी घंटा वाजली पण पिशवी रिकामी निघाली, तर त्याचा चेहरा घंटा न वाजलेल्या दिवसापेक्षाही अधिक उतरतो. अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले की मन शिकते, 'हे पुन्हा कर.' अपेक्षाभंग झाला की शिकते, 'यात अर्थ नाही.'

यातून आईबापांनी एक सावधगिरी घ्यावी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन व निसबेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, 'चित्र काढा, प्रशस्तिपत्रक मिळेल.' काहींना ते अचानक दिले, काहींना दिलेच नाही. एकदोन आठवड्यांनी पाहिले, तर आधी कबूल करून ज्यांना बक्षीस दिले होते, ती मुले आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढत होती. आवडीचे काम त्यांच्या लेखी मजुरीचे झाले होते. म्हणून 'धडा पाठ कर, दहा रुपये देतो' असा सौदा रोज करू नये. पैसे थांबले की पुस्तकही बंद होते.

३. तेच कोडे, तोच रुपया, मग हात का अडखळला?

आता या दोन्ही गोष्टी एकत्र आणणारा एक प्रयोग सांगतो. तो प्रत्येक बौद्ध आईबापाने लक्षात ठेवावा.

कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भूलभुलैयाची कोडी सोडविण्यास दिली. काही मुले सवर्ण होती, काही दलित. सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया ठरला होता. जेव्हा कोणाचीही जात उच्चारली नाही, तेव्हा दोन्हींकडील मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडविली. मग दुसऱ्या गटांत, कोडी देण्यापूर्वी सर्वांसमोर प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात वाचून दाखविली. एवढ्याने दलित मुलांची कामगिरी घसरली आणि दोन्ही गटांत ठळक अंतर पडले. कोडे तेच, रुपया तोच, पाच मिनिटांपूर्वीची बुद्धीही तीच. बदलले ते एवढेच की, 'तू कोण आहेस' हे दुसऱ्याने आपल्या शब्दांत त्याला ऐकविले.

प्रयोग येथेच संपत नाही. बक्षीस देताना माणसाचा हात बाजूला ठेवून सोडतीची चिठ्ठी आणली, तेव्हा ते अंतर नाहीसे झाले. याचा अर्थ संशोधिकांनी असा लावला की, जात पुकारली गेली की मुलाला वाटते, समोरचा माणूस मला न्यायाने मोजणार नाही. मग तो जीव ओतून कशाला काम करील? २००६ मध्ये हे संशोधन जगापुढे आले. बक्षीस नुसते जाहीर करून भागत नाही. ते आपल्याला न्यायाने मिळेल, हा भरवसाही मुलाला असावा लागतो. शतकानुशतके आपल्या पूर्वजांपासून काढून घेतला गेला तो हा भरवसा. शाळेबाहेर पोत्यावर बसविलेल्या मुलाने बरोबर उत्तर दिले, तरी त्याची पाठ थोपटण्यास कोणाचा हात पुढे येत नव्हता. आणि पुढे त्याच मुलाविषयी म्हणावयाचे, 'यांना बुद्धीच नाही!'

४. नागसेनवनाने काय दिले?

बाबासाहेबांनी हे रोगाचे मूळ ओळखले होते. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. तेच आपले मिलिंद महाविद्यालय आणि तोच परिसर नागसेनवन. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या, शिक्षणात मागे ठेवलेल्या मराठवाड्यात खेड्यापाड्यांतील मुले येथे वसतिगृहात राहून शिकू लागली. इमारत, पुस्तके, अन्न यांबरोबर त्यांना आणखी दोन गोष्टी मिळाल्या. हे माझे आहे, ही खात्री. आणि येथे माझे श्रम न्यायाने मोजले जातील, हा भरवसा.

पण बाबासाहेब येथेच थांबले नाहीत. महाविद्यालयाला त्यांनी नाव कोणाचे दिले, ते पाहा. मिलिंद हा ग्रीक राजा. भल्याभल्यांना प्रश्नांनी निरुत्तर करणारा. त्याला समाधानकारक उत्तरे दिली ती भिक्खू नागसेनाने. त्यांचा संवाद मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात आहे, आणि त्यातील एक प्रश्न नेमका आपल्या विषयाचा आहे.

राजा विचारतो, मनसिकार आणि प्रज्ञा यांत भेद काय? मनसिकार म्हणजे मन एखाद्या गोष्टीकडे नेणे, लक्ष देणे. नागसेनाच्या सांगण्याचा आशय असा : मनसिकाराचे काम धरणे, प्रज्ञेचे काम कापणे. शेतकरी जवाचे पीक कसे कापतो? डाव्या हाताने मूठ धरतो आणि उजव्या हातातील विळ्याने ती कापतो. तसा साधक मनसिकाराने मनाला धरतो आणि प्रज्ञेने क्लेश कापतो. नागसेन आणखी असेही सांगतो की, शेळ्यामेंढ्या, बैल, उंट, गाढव यांनाही मनसिकार असतो, पण प्रज्ञा नसते. बैलाला पेंढी कोणत्या हातात आहे हे चटकन कळते. ती पेंढी आपल्याला कोठे नेत आहे, हे कळत नाही.

आपल्यापैकी अनेकांनी गव्हाची कापणी केली आहे. नुसती मूठ धरून उभे राहिले तर पीक निघत नाही, आणि मूठ न धरता विळा फिरविला तर तो आपल्याच पायाला लागतो. दोन्ही लागतात. 'माझे' आणि 'मला मिळेल' या दोन भावनांनी मन मूठ धरते. विळा मात्र आपणच घडवावा लागतो.

५. जेथे मूठ फसवते

विळा नसला तर काय होते, त्याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले नवसाचे. १९४८ मध्ये स्किनर याने भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे टाकले. कबुतराने काहीही करो, दाणा वेळेवर पडणारच होता. पण दाणा पडला तेव्हा एखादे कबुतर गिरकी घेत होते, ते पुढे गिरक्याच घेऊ लागले. दुसरे मान झटकत होते, ते मानच झटकत राहिले. त्यांना वाटत असावे, आपल्या गिरकीनेच दाणा पडतो! आपण हसतो. पण घरात मुलाचा ताप उतरला, आणि त्याच आठवड्यात कोणी अंगारा लावला होता, तर आपण काय म्हणतो? ताप मुदतीने उतरला की औषधाने, हे कोणी विचारीत नाही. फळलेला एक नवस जन्मभर आठवतो, फुकट गेलेले दहा विसरतात. बावीस प्रतिज्ञा घेऊनही ज्यांच्या घरी अद्याप कोंबडे कापले जाते, त्यांनी हे कबूतर डोळ्यांपुढे आणावे.

दुसरे उदाहरण 'मी'पणाचे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीसाठी हिंडत असता अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला. वाघ शोधणाऱ्याला बुद्धाची लेणी सापडली. तेथे दहाव्या लेण्यातील चित्रित खांबावर त्याने काय केले? आपले नाव आणि तारीख खरवडली. करुणेच्या एवढ्या चित्रांपुढे उभे राहूनही मनाने धरले ते 'मी येथे आलो' एवढेच. आज भिंतींवर नावे कोरणारे आपले तरुण त्याचेच भाऊ होत.

तिसरे उदाहरण कटू आहे, पण लिहिलेच पाहिजे. सोयरिकीच्या वेळी आपणही हळूच पोटजात विचारतो. विहारात सर्व एक, आणि लग्नात 'आपल्यातला' की 'त्यांच्यातला'! ज्या 'माझे'ने आपल्याला उभे केले, त्याच 'माझे'चे कुंपण आपण पुन्हा घालू लागलो तर धम्मांतराचा अर्थ काय उरला?

६. अनात्मवाद आणि मुलाचे 'माझे'

काही उपासक विचारतील, 'भगवंतांनी तर अनात्म शिकविले. नागसेनानेही रथाचा दृष्टांत देऊन सांगितले की, चाक, आस, जू यांवेगळा रथ नाही, तसा नावामागे नित्य आत्मा नाही, नाव व्यवहारापुरते आहे. मग मुलाला माझे, माझे म्हणून का शिकवावे?'

प्रश्न योग्य आहे. उत्तर असे की, स्वाभिमान आणि आत्म्याचा अहंकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला कधी ताठ उभे राहू दिले नाही, त्याला नम्रतेचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. आधी त्याला उभे राहू द्या. आणि अनात्म हे सत्य उलट आपल्या बाजूचे आहे. 'मी' हा जन्माने कोरलेला दगड असता, तर कचरूचा मुलगा कचराच राहिला असता. 'मी' हा अनेक कारणांनी घडतो, म्हणूनच तो बदलतो, शिकतो, वर उठतो. ज्याने हे जाणले तो स्वतःविषयी हताश होत नाही आणि दुसऱ्याला जन्मावरून मोजत नाही.

विळा कसा चालवावा, हेही धम्मात सांगितले आहे. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान म्हणजे घट्ट पकड. वेदना म्हणजे येथे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला अनुभव. तो थांबविता येत नाही. बसस्थानकावर आपल्या गावाचे नाव ऐकू येणारच. पण अनुभव आणि तृष्णा यांच्यामध्ये एक क्षणाची फट असते. त्या फटीत सम्यक् स्मृती उभी केली, 'हे मला का गोड वाटले? हे खरे आहे काय? यात दुसऱ्याचे नुकसान नाही ना?' एवढे विचारले, की मूठ सैल होते. यालाच योनिसो मनसिकार, म्हणजे मुळापाशी जाऊन लक्ष देणे, म्हणतात.

७. या पंधरवड्याचा गृहपाठ

एक. मुलाचा एक तरी धडा त्याच्या जगण्याशी जोडा. टक्केवारी आईच्या मजुरीच्या हिशेबावर शिकवा. इतिहास शिकविताना बिबी का मकबऱ्यामागील डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी दाखवून आणा आणि म्हणा, 'हे तुझेही आहे.'

दोन. शाबासकी वेळेवर द्या, आणि गुणांपेक्षा श्रमांना द्या. 'हुशार आहेस' यापेक्षा 'हे गणित तीनदा चुकले तरी सोडले नाहीस' हे बोलणे अधिक उपयोगी. मुलीला आणि मुलाला एकाच मापाने मोजा. तुमचा हात न्यायाचा आहे, हा भरवसा प्रथम तिलाच हवा आहे.

तीन. जे कबूल कराल ते द्या. देता येत नसेल तर कबूल करू नका.

चार. मुलाला चिडून कोणत्याही हलक्या नावाने हाक मारू नका. त्या शब्दाकडे त्याचे मन मान वळवून उभे आहे, हे विसरू नका.

पाच. रात्री वंदनेनंतर पाच मिनिटे सर्व कुटुंबाने बसावे. प्रत्येकाने सांगावे, आज माझ्या मनाने काय धरले? का धरले? आणि काय माझ्या कानांवर पडूनही मला ऐकू आले नाही? शेजारच्या घरातील रडणे, आईची थकलेली पावले, धाकट्याचा प्रश्न, यांपैकी काहीतरी निश्चित निघेल.

बसस्थानकावर स्वतःच्या गावाचे नाव सर्वांनाच ऐकू येते. शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीची गाडी लागली, हे ऐकून तिला जो हाक मारतो, त्याच्या हातात विळा आला असे समजावे.

जयभीम.